मेहुण्याचे त्रेपन्न हजार आणि वडिलांची सँट्रो

पत्र:

ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांचा, राहायला विक्रोळीच्या कन्नमवार नगरात. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं काढली. दिवाळीनंतर आमचा विभागच बंद केला. सगळा हिशेब धरून हातात आले ७ लाख ४० हजार. घरात बायको, बारावीतली मुलगी आणि वडील.

वडिलांनी बत्तीस वर्षं काळी-पिवळी टॅक्सी चालवली. आधी पद्मिनी, मग २००६ची सँट्रो. आता गुडघ्यांमुळे ते चालवत नाहीत, एका चालकाला रोजच्या चारशे रुपयांवर गाडी दिली आहे. येत्या ऑक्टोबरात गाडीला वीस वर्षं होतील, मग ती बाद. वडील म्हणतात, आलेले पैसे टाकून नवी वॅगन-आर घे, माझ्या परमिटवर चढव, कर्जाच्या भानगडीत पडू नको. मेहुणा म्हणतो, काळी-पिवळीचे दिवस गेले, दीड लाख भर, सात लाख कर्ज काढ, डिझायर घे आणि ओला-उबरसारख्या ॲपला लाव, महिन्याला पन्नास-पंचावन्न हजार कुठे गेले नाहीत. त्याच्या ओळखीच्या फायनान्सवाल्याने ११ टक्के, पाच वर्षं, हप्ता १५,२२० असा कागदही लिहून दिलाय. बायको म्हणते पैशाला हात लावू नका, कुठे सुपरवायझरची नोकरी बघा.

तिघांचंही पटतं, म्हणूनच झोप लागत नाही. लायसन्स आहे, बॅज वडिलांनी मागेच काढायला लावला होता. काय करू?

उत्तर:

नमस्कार. मेहुण्याचा आकडा खोटा नाही, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना मी त्यांच्या वाईटावर आहे असं वाटायचं. एवढे पैसे येतात. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक चालक राहतो, डिझायरच आहे, ॲपवरच लावलेली. त्याच्याकडून मी त्याची वही मागून घेतली. बावीस वर्षं एका पतसंस्थेत वाहनकर्जाच्या टेबलावर बसले आहे, तोंडी आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही. त्यातलं एका गुरुवारचं पान तुमच्यासाठी उतरवते.

सकाळी साडेसहाला गाडी काढली, संध्याकाळी साडेसातला लावली. मध्ये तासभर जेवण आणि डुलकी. म्हणजे बारा तास. दहा भाडी. कंपनीने आपला हिस्सा कापून खात्यात टाकले २,०५० रुपये. गाडीचा काटा १८२ किलोमीटर पुढे गेला, त्यातले प्रवासी बसलेले किलोमीटर १२१. उरलेले ६१ रिकामे: भाडं घ्यायला जाताना, सोडून परत येताना, पंपाकडे वळताना, शेवटी घरी येताना. दुपारी विमानतळाच्या पार्किंगमध्ये तो पावणेदोन तास नंबर लावून बसला होता. नंबर आला तेव्हा भाडं निघालं मरोळ नाक्याचं, म्हणजे अगदी जवळचं. वहीत त्या ओळीपुढे त्याने नुसतं एक उद्गारचिन्ह काढून ठेवलंय.

२,०५० गुणिले २६ दिवस, झाले ५३,३००. हेच ते तुमच्या मेहुण्याचे पैसे. आता वजा करत या. एसी लावून, गर्दीत, किलोला बावीसचं ॲव्हरेज धरलं तर सव्वाआठ किलो सीएनजी, ऐंशीच्या भावाने ६६० रुपये. चहा, जेवण, पार्किंग, फोनचं रिचार्ज मिळून १७०. हप्ता १५,२२०, तो २६ दिवसांवर पसरला की रोजचे ५८५. विमा, पासिंग, टॅक्स वर्षाला पंचेचाळीस हजार धरले तर रोजचे १४५. टायर, ऑइल, क्लच, ब्रेक, कधीतरी कुणी ठोकलेला बंपर, यासाठी किलोमीटरला दीड रुपया बाजूला काढायचा, ते २७५. राहिले २१५ रुपये. बारा तासांचे. महिन्याला साडेपाच हजारांच्या थोडे वर.

यावर मेहुणे म्हणतील, हप्ता म्हणजे काही खर्च नव्हे, पाच वर्षांनी गाडी आपलीच. मुद्दा बरोबर आहे, म्हणून तोही करून बघितला. रोज १८२ प्रमाणे पाच वर्षांत गाडी पावणेतीन लाख किलोमीटरांच्या पुढे जाते. पिवळ्या पाटीची, इतकी पळालेली डिझायर विकायला काढली तर पावणेदोन लाख मिळाले तरी मी नशीब म्हणेन. साडेआठ लाखांच्या गाडीचे पावणेदोन लाख उरले, म्हणजे पावणेसात लाख रस्त्यावर झिजले. वर व्याज गेलं २ लाख १३ हजार. दोन्ही मिळून साठ महिन्यांवर वाटले तर महिन्याला १४,८०० येतात. हप्त्याच्या आकड्याला जवळजवळ जाऊन चिकटतात. तेव्हा हप्ता हीच गाडीची झीज आहे असं समजून चाला, फार चुकणार नाही. चालक रोज गाडीचा एक तुकडा विकून घरी पैसे आणतो आणि त्याला ती कमाई वाटते. माझ्या टेबलासमोर बसलेल्या दहांतल्या नऊ जणांनी हा तुकडा कधी मोजला नव्हता. खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मीही मोजला नाही.

ती वर्षं तशीच होती. ओला २०१० साली मुंबईतच सुरू झाली, उबर मुंबईत आली २०१४ मध्ये. त्याच्याआधी मेरूसारख्या फोनवर बोलावायच्या टॅक्सी होत्या, पण भाव मीटरचाच होता. या दोघांनी केलं ते वेगळं. प्रवाशाला पडत्या भावात बसवलं, चालकाला चढत्या भावात पैसे दिले, आणि मधला खड्डा गुंतवणूकदारांच्या पैशाने भरला. २०१६ मध्ये ओलाने किलोमीटरला सहा रुपयांची मायक्रो आणली, रिक्षापेक्षा स्वस्त. त्याच काळात माझ्याकडे कर्जाच्या फायलीला पगाराच्या स्लिपऐवजी मोबाइलचे स्क्रीनशॉट जोडून यायला लागले. आठवड्याला पंचवीस हजार, अठ्ठावीस हजार. 'इतक्या ट्रिप मारल्या की इतके जादा' असा तो इन्सेंटिव्ह होता. मिळकत म्हणून आम्ही तो धरला, कर्जं दिली. आज कळतं की ती मिळकत नव्हतीच, गिऱ्हाईक जमेपर्यंत वाटलेली खिरापत होती. जपानची सॉफ्टबँक आधी ओलात आली, पुढे उबरमध्येही आली. दोन्ही पारड्यांत एकाच सावकाराचा पैसा पडल्यावर भावाची लढाई किती दिवस चालायची?

इन्सेंटिव्ह कमी होत गेला, टार्गेट वाढत गेलं. तोवर रस्त्यावर गाड्या कितीतरी पटींनी झाल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या ओला-उबर चालकांनी संप केला, तो दहा-बारा दिवस चालला. त्या सुमाराला मी वसुलीवाल्यांबरोबर एकदा यार्डात गेले होते. जप्त गाड्यांची रांग लागलेली. एका गाडीच्या डॅशबोर्डवर डिंकाचा गोल डाग होता, गणपती चिकटवलेला असतो तेवढा. बाकी सगळं तसंच सोडून तेवढा गणपती काढून नेला होता. मागच्या सीटवर एक लहान मुलाची पाण्याची बाटली होती. त्या गाडीची फाइल मीच मंजूर केली होती.

कंपन्यांचं काय झालं म्हणाल, तर उबरने २०१९ या एका वर्षात साडेआठ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला आणि २०२३ मध्ये, शेअर बाजारात आल्यानंतर पहिल्यांदा, वर्षभराचा कामकाजातला नफा. मधल्या काळात भाडी वाढली आणि खिरापत थांबली. आधी आवळा दिला, मग कोहळा काढला.

आता यातली मुख्य गोम सांगते. ही नीट कळली तर बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल. या धंद्यात रिकाम्या गाडीचा खर्च कुणाच्या खिशातून जातो? विक्रोळीत तुम्ही गाडी घेऊन उभे आहात आणि तुमच्या आजूबाजूला आणखी दहा गाड्या आल्या. प्रवाशाला गाडी सातऐवजी तीन मिनिटांत मिळते, तो खूश. कंपनीची ट्रिप बुडत नाही, कंपनी खूश. तुमच्या दहा भाड्यांची आठ होतात आणि हप्ता मात्र तेवढाच राहतो. नवीन गाडी रस्त्यावर आली की कंपनीला एक रुपया खर्च नाही, उलट सेवा सुधारते. म्हणून ती नव्या चालकाला कधीही 'आता जागा नाही' म्हणणार नाही. कारखान्यात जास्तीचं मशीन आणलं तर मालकाचे पैसे अडकायचे, म्हणून तो दहादा विचार करायचा. इथे मशीन तुमचं, कर्ज तुमचं, आणि मालाचा भाव ठरवणारा दुसराच.

भाव दुसरा ठरवतो, हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. मुंबईतल्या ॲपच्या गाड्या वर्षानुवर्षं टूरिस्ट परमिटवर चालत आल्या. काळी-पिवळीचं भाडं सरकारी प्राधिकरण ठरवतं, टूरिस्ट गाडीचं ठरत नव्हतं. म्हणून ॲपवाले एकाच रस्त्याला सकाळी एक आणि दुपारी दुसरा भाव लावू शकले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने या कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करायला लावला, मग २०२५ मध्ये राज्याचं धोरण आलं, त्या जुलैत पुन्हा संप झाला, आणि सप्टेंबरात सरकारने मुंबईसाठी दर सांगितला: किलोमीटरला २२.७२ रुपये. काळी-पिवळीचा १ फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर २०.६६ आहे, त्यावर दहा टक्के चढवले की हाच आकडा येतो. गर्दीच्या वेळी दीडपटीपर्यंत वाढवता येईल, मंदीच्या वेळी २५ टक्क्यांपर्यंत उतरवता येईल, आणि भाड्यातले किमान ८० टक्के चालकाला मिळाले पाहिजेत.

हे तुमच्या वहीत उतरवू. घाटकोपर ते दादर असं बारा किलोमीटरचं भाडं धरा. काळी-पिवळीत पहिल्या दीड किलोमीटरचे ३१ आणि पुढचे मीटरने, मिळून २४८ रुपये. ॲपवर दुपारी, पूर्ण सूट देऊन, २०४. पावसात संध्याकाळी सातला, दीडपटीने, ४०९. दुपारी प्रवासी फोन काढतो, आणि पावसात तोच प्रवासी भिजत हात दाखवून काळी-पिवळी थांबवतो. आपणही तेच करतो, उगाच कुणाला नावं ठेवायला नकोत.

चालकाच्या बाजूने बघा. सूट दिलेल्या भावात ८० टक्के धरले तर त्याला किलोमीटरमागे १३.६३ मिळतात. पूर्ण भावात १८.१८. काळी-पिवळीत कमिशन नाही, पूर्ण २०.६६. मघाचे २,०५० रुपये जमवायला काळी-पिवळीला प्रवासी बसवून ९९ किलोमीटर चालावं लागतं, ॲपवर सूट दिलेल्या भावात १५०. तुमचे वडील कर्ज नको म्हणून काळी-पिवळीच्या बाजूने आहेत. मी त्यांच्या बाजूला झुकते ती या ९९ आणि १५० मुळे. शिवाय हा सरकारी दर कागदावर आला तरी फोनवर दिसणारा दर त्याला धरून नसतो, ही चालकांची तक्रार त्यानंतरही थांबलेली नाही. पुण्यात तर मे २०२५ पासून चालकांनी ॲपचा भाव बाजूला ठेवून आरटीओने ठरवलेल्या मीटरच्या दराने पैसे मागायला सुरुवात केली. ॲपवर गिऱ्हाईक घ्यायचं आणि भाडं मीटरचं सांगायचं. त्यावरून जे वाद झाले ते तुम्ही वाचले असतील.

मेहुणे आणखी एक सांगतील: आता कमिशनच राहिलं नाही. काही ॲपपुरतं बरोबर. बंगळुरूत नम्म यात्री या ॲपने रिक्षावाल्यांकडून रोजची ठरावीक रक्कम घ्यायची पद्धत रुजवली, रॅपिडोने ती टॅक्सीला लावली, जून २०२५ मध्ये ओलानेही कमिशन बंद केल्याचं जाहीर केलं. चालकाच्या दृष्टीने हे आधीपेक्षा बरं, यात शंका नाही. पण रोजची फी भरून तुम्ही दुकानाचा गाळा घेता तसं हे आहे. गाळ्यापुढे गिऱ्हाईक येईल का आणि शेजारी आणखी किती गाळे उघडतील, याचा शब्द कुणी देत नाही. फी मात्र मंदीच्या दिवशीही जाते.

आता वडिलांचं. त्यांच्या बाजूने झुकते म्हटलं, पण त्यांच्याही हिशेबात एक भोक आहे. ९९ किलोमीटर प्रवासी बसले पाहिजेत ना? नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांवर काळ्या-पिवळ्या होत्या. आज त्या कितीतरी कमी झाल्या आहेत, आणि शेवटची नोंदलेली पद्मिनीसुद्धा ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. गाड्या कमी झाल्या म्हणजे उरलेल्यांना भाडं भरपूर, असं झालं नाही, कारण हात दाखवणारा माणूसही कमी झाला. स्टेशनाबाहेरचा स्टँड, मोठी रुग्णालयं, शेअर टॅक्सीच्या लाइनी, रात्री बारा ते पाचची सव्वापट, इथे काळी-पिवळी अजून चालते. बाकी रस्त्याने नुसतं फिरत राहिलात तर रिकामे किलोमीटर ॲपवाल्यापेक्षा जास्त होतील. तुमच्या वडिलांना स्टँड माहीत आहेत, तिथली माणसं माहीत आहेत, कुठल्या ट्रेनला लांबची भाडी उतरतात हे माहीत आहे. परमिटपेक्षा ही माहिती मोलाची आहे आणि ती त्यांच्या डोक्यात आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसून ती काढून घ्या.

परमिट म्हणजे घरातलं सोनं, असं मात्र त्यांना वाटत असेल तर ते तेवढं खरं नाही. याचं सगळ्यात वाईट उदाहरण न्यू यॉर्कचं. तिथे पिवळ्या टॅक्सीच्या परवान्याला मेडॅलियन म्हणतात, गाडीच्या बॉनेटवर पत्र्याचा बिल्ला ठोकलेला असतो. संख्या ठरलेली, म्हणून भाव चढत गेला, २०१४ च्या सुमाराला एकेक बिल्ला दहा लाख डॉलरच्या वर गेला. बाहेरून आलेल्या चालकांनी, त्यात आपल्या उपखंडातले पुष्कळ, बिल्ला गहाण ठेवून कर्जं घेतली आणि देणाऱ्यांनीही डोळे मिटून दिली. ॲपच्या गाड्यांना बिल्ला लागतच नव्हता. चार वर्षांत भाव दोन लाखांच्या खाली आला, कर्ज तेवढंच राहिलं. २०१८ मध्ये तिथे चालकांनी आत्महत्या केल्या. २०२१ मध्ये चालकांचं उपोषण झालं, तेव्हा कुठे शहराने सगळ्यात मोठ्या सावकाराशी तडजोड करून एकेक कर्ज एक लाख सत्तर हजार डॉलरवर आणायचं कबूल करून घेतलं. तुमच्यावर परमिटचं कर्ज नाही, हे तुमचं नशीब. परमिट वडिलांचं आहे, फुकट आहे. ते वापरायचं, पण त्याच्या भरवशावर पैसे उचलायचे नाहीत.

मग करायचं काय? गाडी घेऊ नका. निदान आत्ता नको. तुमच्याकडे ऑक्टोबरपर्यंत एक अशी गाडी आहे जिचा हप्ता नाही आणि जिची झीज होऊन गेलेली आहे. सँट्रो. मला आश्चर्य वाटतं की तिघांच्या भांडणात ती कुणालाच दिसली नाही. आज ती चालवणाऱ्या चालकाला काढू नका, त्यालाही घर आहे. त्याला रात्रपाळी द्या, दिवसपाळी तुम्ही घ्या. मुंबईत टॅक्सी दोन पाळ्यांत चालवणं जुनं आहे, वडिलांना विचारा. रोजचे चारशे थोडे कमी येतील, हरकत नाही, ती तुमच्या शिकण्याची फी. दोन महिने असे काढा. तिसऱ्या महिन्यात ॲपवर लावलेली कुणाची तरी गाडी दिवसाच्या भाड्याने घ्या आणि तीच वही पुढे चालू ठेवा. मालकाला भाडं देऊन काय उरतं ते पाहायचं नाही, ते कमीच उरणार. किती किलोमीटर भरलेले, किती रिकामे, आणि भरलेल्या किलोमीटरला हातात किती आले, एवढंच पाहायचं.

निकाल कसा लावायचा तेही सांगते. दिवसाच्या हातात आलेल्या पैशांतून गॅस, खाणंपिणं, विम्याचे १४५ आणि किलोमीटरला दीड रुपया काढा. उरलेले सरासरी १,४०० च्या वर असतील, आणि हे निदान पन्नास दिवसांवर दिसत असेल, तर नव्या गाडीचा विचार करा. त्यातले ५८५ गाडीची झीज म्हणून गेले तरी आठशे राहतात, महिन्याला एकवीस हजारांच्या आसपास. सुपरवायझरची नोकरी साधारण तेवढंच देईल, वर पीएफ देईल. त्यापेक्षा कमी उरत असेल तर वहिनी बरोबर आहेत, विषय संपला. माझ्या शेजाऱ्याचे आठशेच उरतात, हप्त्याच्या आधी.

१,४०० दिसले, तर वॅगन-आर घ्या, वडिलांच्या परमिटवर चढवा, पण सगळे पैसे ओतून नव्हे. साडेतीन लाख स्वतःचे, साडेतीन लाख कर्ज. त्याच ११ टक्क्यांनी हप्ता ७,६१० येतो. वाईट महिना आला तरी तेवढा निघतो. आणि वाईट महिना येतोच: नोव्हेंबर २०२५ मध्ये आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गॅसच्या पाइपला इजा झाली तेव्हा मुंबईतल्या कितीतरी टॅक्सी-रिक्षा पंपाच्या रांगेत उभ्या होत्या, हप्त्याची तारीख कुणी पुढे ढकलली नाही. उरलेले ३ लाख ९० हजार मुलीच्या प्रवेशासाठी आणि घरखर्चासाठी, वहिनींच्या नावावर, वेगळ्या बँकेत. ज्या बँकेत गाडीचं कर्ज असेल त्या बँकेत नको. का ते माझ्या टेबलावर बसला असतात तर कळलं असतं.

फायनान्सवाल्याच्या कागदावर प्रोसेसिंग फी, विम्याची सक्ती आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड, हे लिहिलेलं आहे का ते बघा. नसेल तर तो कागद म्हणजे वाणसामानाची यादी आहे. आणि मेहुण्यांना या ओळखीचे काही मिळतात का, हे नीट, हसतखेळत विचारून घ्या. मिळत असतील तर त्यात गैर काही नाही, फक्त तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

परमिट तुमच्या नावावर करायचं काम वडील हयात असताना, त्यांच्या सहीने, आरटीओची परवानगी घेऊन उरकून टाका. नंतर वारसांना तीस दिवसांत कळवा, तीन महिन्यांत अर्ज करा, असली धावपळ होते, आणि ती बरोबर दुःखाच्याच दिवसांत होते. हा विषय घरात काढायला जड जातो. 'गाडी बाद होतेय, नव्या गाडीचे कागद करायचे आहेत, त्यातच हे करून टाकू' असं म्हणा. बत्तीस वर्षं आरटीओच्या खिडकीवर उभा राहिलेला माणूस आहे, त्यांना लगेच समजेल.

ॲपवर एक दिवसही गाडी चालवलीत तर सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा, पैसे पडत नाहीत. सामाजिक सुरक्षेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे, त्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीतला एक ते दोन टक्के हिस्सा अशा कामगारांसाठी द्यायचा आहे. त्यातून हातात काय पडेल ते पडेल, पण यादीत नाव नसेल तर काहीच पडणार नाही.

आणि वही साधी दोनशे पानी घ्या, फोनमध्ये नको. फोनमध्ये ॲप तुम्हाला कमाईचाच आकडा मोठ्या अक्षरात दाखवतो, रिकामे किलोमीटर कुठेच दाखवत नाही. सकाळी गाडी काढताना काट्याचा आकडा, लावताना काट्याचा आकडा, मध्ये प्रत्येक भाड्याची एक ओळ. पन्नास पानं झाली की मला फोटो काढून पाठवा. उद्गारचिन्हं असतील तर तीही राहू द्या.